काकूंच्या गोळ्या, विसूचं नाव

खाडीकाठच्या एका वाडीत विसू नावाचा गडी राहायचा. माडावर चढून नारळ पाडणं हा त्याचा धंदा. बायको यशोदा डोळ्यांनी अधू. आपण पडलो तर हिचं कसं होणार, ही एकच चिंता त्याला होती. म्हणून त्याने आयुर्विम्याचा अर्ज भरला. काही आजार आहे का, असं एजंटाने विचारलं. विसूने नाही म्हणून सांगितलं. ते खरंच होतं.

महिन्याने पत्र आलं. अर्ज नामंजूर. आरोग्य केंद्राच्या कागदावर विसूला तीन वर्षांपासून मधुमेह होता, आणि तो त्याने लपवला, असं कंपनीचं म्हणणं.

विसू संतापला. मग त्याला एकदम आठवलं. मधुमेह शेजारच्या आनंदीकाकूंना होता. पाय सुजलेले, होडीत चढवत नसे. केंद्र पलीकडच्या काठावर, आणि रोगी समोर नसेल तर तिथे गोळ्या मिळत नसत. तेव्हा विसूनेच काकूंचं रिकामं पाकीट दाखवून आजार आपला म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून तो आपल्या नावावर गोळ्या आणत होता; त्याचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं.

एजंटाने वाट सुचवली. "नोंद करणाऱ्या बाईंची चूक झाली, असं लिहून द्या. लवकर सुटाल."

"बाईंनी मी सांगितलं तेच लिहिलं," विसू म्हणाला.

सकाळी केंद्रात जायला तो धक्क्यावर गेला, तर काकू होडीत बसलेल्या. यशोदाने त्यांना सगळं सांगितलं होतं. वाडीतल्या चौघांनी खुर्चीसकट उचलून त्यांना आत ठेवलं होतं.

"तुम्ही कशाला आलात, काकू?"

"नाव तुझं असलं तरी साखर माझी आहे, मेल्या. माझं दुखणंही तूच भोगणार होतास?"

विसूने केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना खरं ते सांगितलं. बाई रागावल्या. तीन वर्षं काकूंचं रक्तच कुणी तपासलं नव्हतं. दोघांचं तपासलं. विसू ठणठणीत निघाला. काकूंची साखर फार वाढलेली होती. त्यांचा वेगळा कागद झाला, गोळी बदलली. विसूची नोंद सही-शिक्क्यानिशी दुरुस्त झाली.

पुढे विमा मंजूर झाल्याचं पत्र आलं. यशोदाने ते चाचपून पाहिलं. मग विसूचा खरखरीत तळवा चाचपला. पत्र तिने बाजूला ठेवलं. हात सोडला नाही.

तात्पर्य: भलं करायलाही खोटं लिहवू नये. लिहवलं असेल, तर दुसऱ्यावर न ढकलता आपण जाऊन ते दुरुस्त करावं.