पौषातल्या शेंगा

शके सतराशे ब्याऐंशी, रौद्रनाम संवत्सर, पौष शुद्ध पंचमी, गुरुवार. सूर्योदयानंतर दोन घटका उलटल्या होत्या. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील धुपेदरा या गावी, ओढ्याकाठच्या बाभळीखाली, श्रीसोमगिरी महाराज धुनीसमोर बसले होते. तिथी-वार इतक्या काटेकोरपणे सांगण्याचे कारण आहे. या कथेतला सारा चमत्कार महिन्यात आहे. महिना निसटला, तर हाती उरते ते एक झाड आणि थोड्या शेंगा. आणि झाडाला शेंगा लागणे यात नवल ते काय?

त्या सकाळी एकोबा नेहमीप्रमाणे दुधाचा गडू घेऊन आला. एकोबा म्हणजे गावातला सर्वांत साधा माणूस. एक गाय, एक खोपट आणि महाराजांवरची निष्ठा, एवढीच त्याची मिळकत. महाराजांनी गडूत डोकावून पाहिले. दूध तळाशी होते.

"एकोबा, हे कोणाचं दूध?"

"आपल्या हरणीचं, बाबा."

"हरणीचं नव्हे. हे तिच्या वासराचं आहे. परत ने."

एकोबाचे डोळे भरून आले. वासरू अठरा दिवसांचे झाले होते, पण त्याच्या मागच्या पायांत उभे राहण्याचे बळ नव्हते. ते कासेला ढुशा देई. चार थेंब येत. मग तिथेच मान टाकून पडे. गाय जगली तर वासरू जगेल, आणि वासरू गेले तर हरणीही पान्हा चोरून आटून जाईल, हे एकोबाला ठाऊक होते.

"गवत खाते का?" महाराजांनी विचारले.

"गवत आढ्यापर्यंत रचलंय बाबा. समोर टाकतो, ती चघळते नि सोडून देते. पोट नगाऱ्यासारखं दिसतं, पण पाठीवर हात फिरवला तर नुसती हाडं लागतात."

महाराजांनी त्याच्या उपरण्याला चिकटलेली एक काडी उचलली आणि वाकवली. ती कटकन मोडली. तुऱ्यात एक दाणा नव्हता.

"हे कधी कापलं?"

"कार्तिक सरल्यावर, बाबा," एकोबा म्हणाला. धुपेदऱ्याचे कुरण देवीचे. देवीपुढे नारळ फुटून मानकऱ्याचा पहिला विळा पडल्याखेरीज तिथल्या गवताच्या काडीला कोणी हात लावत नसे. आश्विनात गवत फुलोऱ्यावर येई आणि तेव्हाच विळा पडे. या वर्षी मात्र नरसोजी पाटील आणि त्यांचे चुलत बंधू यांच्यात पहिला विळा कोणी मारायचा यावरून वाद पेटला. त्यावर तात्पुरता तोडगा निघेपर्यंत कार्तिक सरला. गवत उभ्या उभ्या वाळले, दाणे झडून गेले, आणि मग गावाने ते मोठ्या थाटात कापून आणले! पुढे रब्बीची पिके उभी राहिली. रिवाजाप्रमाणे होळीपर्यंत चराई बंद झाली. ज्वारीचा कडबा तर अवकाळी पावसाने आधीच कुजला होता. गोठे भरले होते आणि गाई आतून रिकाम्या होत चालल्या होत्या.

महाराज म्हणाले, "नीट ऐक. गाईच्या पोटात एक अग्नी असतो. गवत पचवतो तो, गाय नव्हे. आज तो अग्नीच उपाशी आहे. विझत्या चुलीत ओंडके कोंबून स्वयंपाक होतो का? आधी फुंकर, मग काटक्या, मग ओंडका. पेंड म्हण, सरकी म्हण, सत्त्व असलेला एक घास आधी त्या अग्नीला दे. मग हेच गवत तो पचवील."

पेंड गावात एकाच घरी होती, आणि तीही तिथल्या बैलांसाठी राखलेली. एकोबा पाटलांच्या ओसरीखाली जाऊन उभा राहिला.

"पाटील, टोपलीभर पेंड द्या. हरणीच्या वासराचा जीव जातोय."

नरसोजी पाटील सुपारी कातरत होते. "एकोबा, तुझ्या घरात गवत किती?"

"आढ्याला लागलंय."

"आढ्याला लागलंय, आणि गाय उपाशी!" पाटील आजूबाजूच्या मंडळींकडे पाहून हसले. "ऐकलंत? गवत खाऊन उपाशी राहणारी गाय! अरे, उद्या पुरणपोळी मागेल ती! कोणी शिकवलं तुला हे?"

"महाराजांनी."

"मग त्यांच्याकडेच माग की. धुनीतली राख फुकट आहे म्हणावं. ती चार हरणीला."

ओसरी खदखदून हसली. एकोबा घरी परतला, तर हरणी बसली होती ती उठेना. वासरू तिच्या पोटाशी निपचित पडले होते. एकोबा तसाच धावत ओढ्याकाठी गेला आणि महाराजांच्या पायांवर कोसळला.

"बाबा, राख द्या. पाटील म्हणाले, राख चारा. तीच चारतो."

महाराज काही क्षण डोळे मिटून बसले. मग त्यांनी वर बाभळीकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, "मागे वळून बघ."

एकोबा वळला. मघाशी मोकळ्या असलेल्या जमिनीवर बाभळीच्या शेंगा पडल्या होत्या. पक्व, वाळलेल्या, हलवल्या की खुळखुळणाऱ्या! ज्यांनी बाभूळ पाहिली आहे त्यांना हे सांगायला नको, की पौषात तिच्या अंगावर कोवळ्या हिरव्या शेंगा असतात. त्या वाळून गळतात चैत्र-वैशाखात. एकोबाने वर पाहिले. फांदीवरच्या शेंगा हिरव्याच होत्या.

"कुटून कोमट पाण्यात भिजव," महाराज म्हणाले, "मिठाची चिमूट आणि गुळाचा खडा घाल. गवताच्या आधी चार. आज मूठभर, उद्या दोन मुठी. हावरेपणा करू नकोस. विझत आलेल्या अग्नीला फार घातलं तरी तो विझतो."

तिसऱ्या दिवशी हरणी उठली आणि तिने तेच टाकलेले गवत ओढून खाल्ले. सातव्या दिवशी वासराच्या तोंडाला दुधाचा फेस दिसला. रोज पहाटे बाभळीखाली शेंगा पडत. गावातला जो येई, त्याच्या गोठ्याला पुरतील इतक्याच त्याला मिळत.

पाटलांनी मात्र मान हलवली. "गेल्या उन्हाळ्यातल्या शेंगा पोत्यात भरून ठेवल्या असतील बैराग्याने. रात्री पसरतो, सकाळी देव देतो!" ही शंका अडाणीपणाची होती असे मी म्हणणार नाही. शंका घ्यावी; मात्र ती तपासण्याचे कष्टही घ्यावेत. पाटलांनी ते घेतले, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

पौष वद्य द्वितीयेला झुंजुमुंजू होताना ते खराटा घेऊन आले. एकोबा शेंगा वेचायला आला होता. तो पाहतच राहिला. ज्या पाटलांनी कधी स्वतःच्या हाताने तांब्या उचलला नव्हता, त्यांनी कमरेत वाकून बाभळीखालची सारी जमीन स्वतः झाडली. एक काडी ठेवली नाही. मग हात बांधून उभे राहिले. महाराज धुनीशी नामस्मरणात होते.

सूर्याची कोर वर आली. वारा नव्हता. टप्, एक शेंग पडली. मग दुसरी. मग झाडलेल्या जमिनीवर सडाच पडला! पाटलांनी एक उचलून मोडली. आत काळे, कडक बी होते. त्यांनी वर पाहिले. फांदीवरच्या शेंगांचा हिरवा रंग तसाच होता. त्यांचा हात उपरण्याकडे गेला आणि तिथेच थबकला.

"घ्या की पाटील," एकोबा हळूच म्हणाला. "तुमच्या गंगी गाईसाठी घ्या."

पाटील दचकले. "गंगी बसलीय हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. चार दिवस तुमच्या गोठ्यातनं तिचा हंबर ऐकू आला नाही."

पाटलांच्या हातातली शेंग गळून पडली. आपल्या ओसरीवरून ज्याला हसून घालवले, तो माणूस आपल्या गाईचा आवाज रोज कान देऊन ऐकत होता! ते चालत महाराजांसमोर गेले, पागोटे उतरवून धुनीजवळ ठेवले आणि साष्टांग दंडवत घातले.

"महाराज, चुकलो. पेंड आज घरोघर पोचेल. पण वाद अजून मिटलेला नाही; या वर्षी आम्ही दोघांनी मिळून विळा धरला, पुढच्या वर्षी पुन्हा भांडू. पहिल्या विळ्याचा मान कोणाचा, ते आपणच सांगून टाका."

महाराजांनी त्यांना उठवले, पागोटे त्यांच्या हाती दिले आणि एकोबाकडे पाहून म्हणाले,

"गवताला फुलोरा आलेला ज्याला आधी दिसेल, त्याचा."