हवा लागलेलं पाणी

"यंत्राचं ऐकणार, की परंपरेचं?"

बसलिंगचा आवाज ओसरीवर घुमला. भक्त जागच्या जागी थांबले.

याच मठात तो लहानाचा मोठा झाला होता. आता भूजलातला रेडॉन मोजणारा शास्त्रज्ञ होऊन परतला होता. मठ ग्रॅनाइटच्या टेकडीवर. तिथल्या खोल बोअरचं पाणी सारं गाव तीर्थ म्हणून प्यायचं. मठाचे स्वामी शांतवीर अप्पा तर जन्मभर तेच पीत आले होते.

"काय म्हणतं यंत्र?" अप्पांनी विचारलं.

"पाण्यात रेडॉन आहे. खडकातून येणारा किरणोत्सारी वायू. ना रंग, ना वास. मर्यादेच्या कितीतरी वर. वर्षानुवर्षं श्वासात, पोटात गेला तर कर्करोगाचा धोका."

अप्पांनी हातातला तांब्या पायरीवर पालथा केला.

"आजपासून हे कोणी प्यायचं नाही. मीही नाही."

ओसरीवर कुजबुज उठली. बसलिंग चकित झाला. तो भांडायच्या तयारीनं आला होता...

"पुढं काय?" अप्पांनी विचारलं.

"बोअर बंद करायची."

"आणि गावानं काय प्यायचं?"

"तेवढा विचार केला नाही."

"बरं, मोजतोस कसं ते दाखव."

बसलिंगनं बाटली बादलीत बुडवली, पाण्याखालीच बूच लावलं. "बुडबुडासुद्धा राहता कामा नये. पाण्याला हवा लागली की वायू उडून जातो. आकडा खोटा येतो."

अप्पांनी बाटली घेतली. बूच काढलं. हात उंच नेला आणि बारीक धारेनं पाणी परातीत सोडलं.

"आकडा खोटा झाला... आणि पाणी?"

बसलिंग बघत राहिला. मग खो खो हसत सुटला. हवा लावून पाण्यातला रेडॉन काढता येतो, हे तर त्यानं परीक्षेत लिहिलं होतं!

"मी जिंकायला आलो होतो, अप्पा. म्हणून सुचलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून गाव कामाला लागलं. उघड्यावर, भोकं पाडलेल्या पत्र्यांची उतरंड उभी राहिली. पाणी तिच्यावरून शिंपडत, फुटत टाकीत पडू लागलं. बसलिंग मोजत होता, पत्रे वाढवत होता, पुन्हा मोजत होता. एका सकाळी आकडा मर्यादेच्या खाली उतरला. पुढं महिनाभर मोजला. वर आलाच नाही.

मग हलगी कडाडली. बायांनी घागरी भरल्या, पोरं टाकीखाली नाचली, लोकांनी बसलिंगला खांद्यावर घेतलं.

खाली उतरून त्यानं पहिला तांब्या अप्पांपुढं धरला. डोळे भरून आले होते.

"अप्पा, आता याला तीर्थ म्हणायचं, की नुसतं पाणी?"

अप्पांनी एका दमात तांब्या रिकामा केला. दाढी पुसली. तांब्या पुढं केला.

"आणखी ओत."