शेवटच्या घरातला उजेड

सह्याद्रीच्या पायथ्याशी एक वाडी होती आणि त्या वाडीत अन्नपूर्णाकाकू नावाच्या एक फार हौशी बाई राहत होत्या. वाडीला वीज मिळे ती ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या छोट्याशा जनित्रातून. एकच तार, तिच्यावर ओळीने चौदा घरं. पहिलं घर काकूंचं, शेवटचं भागोजी आणि मुक्ता या तरुण जोडप्याचं.

तिन्हीसांजेला लक्ष्मी येते, म्हणून काकू घरभर दिवे लावत. माजघर, ओसरी, माळा, रिकामा गोठासुद्धा. लक्ष्मी गोठ्यात कशाला जाईल, असं त्यांना कुणी विचारलं नाही. त्याच वेळी मसाल्याचा मिक्सर फिरे आणि समोर कुणी बसलेलं नसलं तरी टीव्ही आपला बोलत राही. बाकीची घरंही काकूंचं पाहूनच चालत.

एके सकाळी काकूंच्या ओसरीवर चारचौघं बसलेली असताना भागोजी आला.

"काकू, दिवेलागणीला पुढच्या घरांतच वीज संपते आणि आमचे बल्ब पार मिणमिणतात. अंडी उबवायची पेटी थंड पडते. मागच्या खेपेची सगळी अंडी वाया गेली. आज पुन्हा साठ घातलीत. एकवीस दिवस तेवढं सांभाळून घ्या. या वेळी पिल्लं निघाली नाहीत, तर आम्ही दोघं वाडी सोडणार."

मुक्ता नवी नवरी म्हणून आली, तेव्हा तिला काकूंनीच ओवाळलं होतं. त्या चारचौघांत म्हणाल्या, "आजपासून संध्याकाळी माझ्या घरात एकच दिवा. शब्द देते!" सगळ्यांनी वाहवा केली.

दोन दिवस शब्द पाळला गेला. तिसऱ्या दिवशी काकू कसल्याशा विचारात घरात शिरल्या आणि हात आपसूक सगळ्या बटणांवरून फिरला. वर्षानुवर्षांची सवय ती, तिला शब्दबिब्द काय ठाऊक!

थोड्याच वेळात मुक्ता धापा टाकत दारात उभी राहिली. "काकू, दिवे पार मंदावले! पेटीवर घोंगडी टाकून आलेय."

'घरी पाहुणे आलेत' असं काकूंच्या अगदी ओठांवर आलं होतं. एवढ्या मोठ्या घराने दिलेला शब्द तिसऱ्याच दिवशी मोडला, हे सांगायला जीभ रेटत नव्हती. पण मुक्ताचा रडवेला चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "माझ्याच हातून झालं गं. चुकले मी."

दोघींनी धावत जाऊन एकेक दिवा बंद केला. ओसरीवरचा दिवा गेला आणि काकूंना वाडीच्या टोकाला एक तांबूस ठिपका दिसला. ती भागोजीची खिडकी होती. इतकी वर्षं स्वतःच्या झगमगाटात ती त्यांना कधी दिसलीच नव्हती. मग त्यांनी मिक्सर थांबवला, गोठ्यातलं बटण बंद केलं, आणि तो ठिपका त्यांच्या डोळ्यांदेखत पिवळाधमक झाला. काकू बघतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा शब्द दिला नाही. माळ्यावरचा आणि गोठ्यातला बल्ब काढून तांदळाच्या डब्यात ठेवला. मसाला दुपारी वाटायला घेतला. संध्याकाळी देवापाशी एक दिवा लावला, हात जोडले आणि त्या अंधाऱ्या ओसरीवर येऊन शेवटच्या घराकडे पाहू लागल्या. हा त्यांचा रोजचा नेम झाला. एकदा टीव्ही चालूच राहिला होता. खिडकी मंद दिसली, तशा त्या लगबगीने आत गेल्या आणि तो बंद करून आल्या.

"काकू, अंधारात काय बघताय?" शेजारणी विचारत.

"या, तुम्हीही बघा," एवढंच त्या म्हणत. बघून गेलेली प्रत्येक बाई घरी जाऊन एखादं तरी बटण बंद करी.

बाविसाव्या दिवशी दिवेलागणीला मुक्ता आली. तिच्या पदरात दोन पिवळी पिल्लं चिवचिवत होती. घरी पेटीत आणखी चाळीसेक होती.

"अंडी फुटली, काकू! आता लावा घरभर दिवे."

"आणि पिल्लांना ऊब नको वाटतं?" काकू हसल्या. त्यांनी एक पिल्लू अलगद ओंजळीत घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "अगं, मी घरभर दिवे लावून लक्ष्मीची वाट बघत बसले. तिला तुझ्या घरी जायचं होतं, आणि माझ्याच दिव्यांनी तिची वाट अडवली होती."

तात्पर्य: चारचौघांत दिलेल्या शब्दाने सवय सुटत नाही, आपल्या बटणाच्या पलीकडे कोण आहे हे रोज डोळ्यांनी पाहिलं, की हात आपोआप आवरतो.