हात ठेवण्याआधी

एका गावात एक मुलगी होती, भलतीच उत्साही. आणि त्या गावाची रीतही न्यारीच. खंडेनवमीला गावातली सगळी अवजारं देवळापुढे मांडून पुजायची आणि त्या वर्षी कामाला लागणाऱ्या मुलामुलींनी एकावर हात ठेवायचा. ज्यावर हात, तोच जन्मभराचा धंदा. ठेवलेला हात मागे घ्यायची सोय नाही!

मुलीचं कधीच ठरलं होतं: अत्तराची कुपी. अत्तरवाले मामा गल्लीतून गेले की ही नाक वर करून त्यांच्या मागे.

"अगं, पण मामा दिवसभर करतात काय, ते विचारलंस का?" शेजारच्या काकूंनी कुंपणावरून डोकावत विचारलं.

"त्यात काय विचारायचं? वासच सांगतो की!"

"वास पाठदुखी सांगतो होय गं?"

मुलगी हसली, पण सकाळी उठून मामांकडे गेलीच.

"मामा, काम मागायला नाही आले. तुमच्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काय, तेवढं सांगा."

मामा खूश! "आजवर सगळ्यांनी भावच विचारला. बस, सांगतो. भट्टीपुढे गप्प बसून राहायचं. बोलायचं नाही, उठायचं नाही. लक्ष हटलं की अत्तर करपलं. मला आवडतं बुवा, निवांत असतं."

मुलगी बसल्या जागी चुळबुळायला लागली. घटकाभर गप्प? आणि जन्मभर?

"मग आणखी कुणाला विचारू, मामा?"

"ओतार आळीत घंटावाल्या आत्याकडे जा. तिथं शांतता नावालाही नाही!"

तोच प्रश्न ऐकून आत्याने कपाळाला हात लावला. "घंटा ओतणं सोपं गं. पुढे कानस घासायची, टोला द्यायचा, ऐकायचं. नाद बसेना, पुन्हा घासायचं. शिकाऊ पोरं कान धरून पळतात!"

"एक टोला मी देऊ?"

"दे की."

ठण्ण! मुलीने घासलं. ठण्ण! पुन्हा घासलं. ऊन डोक्यावर आलं, उतरलं.

"आत्या, आता गोड वाजली ना?"

"वाजली. पण पोरी, तू जेवायची विसरलीस!"

खंडेनवमी आली. कुपीपाशी घमघमाट सुटला होता. मुलगी क्षणभर थबकली, खोल श्वास घेतला, आणि पुढे जाऊन तिने कानशीवर हात ठेवला.

"अत्तर सोडून कानस? डोकं फिरलं का हिचं?" गर्दीत कुजबुज झाली.

"अजिबात नाही!" काकू ओरडल्या. "पण मी कानात घालायला कापूस आणते बाई, माझं घर हिच्या शेजारीच आहे!"

तात्पर्य काय, तर कामाचा थाट लांबूनही दिसतो, त्यातली कटकट मात्र करणाऱ्यालाच जाऊन विचारावी; आणि ज्याची कटकट ऐकूनही हात शिवशिवतात, ते काम आपलं.