रखमाजीचं भरलेलं घरटं

कावळ्यांचा गळा गोड होता, त्या काळातली ही गोष्ट. रखमाजी कावळ्याचं घरटं तारा, चमचे आणि कपड्यांच्या चिमट्यांनी खचाखच भरलं होतं. बरोबरीची पिल्लं उडू लागली, पण त्याच्या पिल्लाला पंख पसरायलाही जागा नव्हती.

कावळी म्हणाली, "अहो, ही अडगळ टाका. पोर उडायचं कधी?"

"असू दे गं, कधीतरी लागेल."

"काय लागेल? चमच्यानं पिंड खाणार आहात?"

रखमाजी वरमला. त्यानं एकेक वस्तू खाली टाकली, पण एक लाल बांगडी मात्र चोचीत घट्ट धरून ठेवली. मोकळ्या घरट्यात पिल्लानं पंख पसरले आणि धडपडत समोरची फांदी गाठली.

"बाबा, पाहिलंत?"

"शाब्बास!" रखमाजी ओरडला. बांगडी कुठे पडली, हे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.