काळ्या-पांढऱ्या पाण्याची घोंगडी

एका गावात एक भोळा घोंगडीवाला राहत होता. धुळा त्याचं नाव. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखं करायचा. घोटाळा तिथेच व्हायचा.

गावच्या विहिरीचं पाणी पिऊन मुलं आजारी पडत होती. पाणी तपासणाऱ्या कुंदाताई आकडे लिहून थकल्या. सरपंच त्याच कागदांवर भजी खात. शेवटी ताई धुळाकडे आल्या.

"रोज बाटलीत विहिरीचं पाणी आण. मी तपासते. चांगलं निघालं तर पांढरी लोकर विण, वाईट निघालं तर काळी. घोंगडी बघून तरी मोठे साहेब नवी बोअर देतील."

धुळाने पाणी काढलं. गढूळ होतं. ताईंना असलं कसं द्यायचं? त्याने ते गाळलं, उकळलं, मग नेलं. पाणी उत्तम निघालं.

"अरे धुळा! जे असेल ते आहे तसं आणायचं!"

"बरं, ताई."

मग ताईंनी त्याला काळी लोकर आणायला पाठवलं. लोकर मेंढीच्या अंगावर होती. धुळाने ती आहे तशी आणली आणि मागावर चढवली. मेंढी अर्धा माग घेऊन पळाली.

"अरे, कातरायची, धुवायची, उन्हात खडखडीत वाळवायची, मग आणायची!"

"हे आधी नाही का सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी धुळाने पाणी परातीत ओतून उन्हात ठेवलं. खडखडीत वाळल्यावर रिकामी बाटली ताईंना दिली. पाणीच नाही, तर विणायचं काय? त्याने तेवढी जागा मोकळी सोडली. घोंगडीला वीतभर भोक पडलं.

ताईंनी कपाळावर हात मारला. "साहेब हसतील रे! भोक दिसलं की लगेच बुजवायचं. कुणाला विचारत बसायचं नाही."

धुळाने भोक बुजवलं. पुढे सगळं नीट विणलं. घोंगडी काळीकुट्ट झाली. साहेब आले, घोंगडी बघितली आणि बोअर मंजूर करून गेले.

बोअर खणायची गाडी आली. खडक फुटला. पाणी लागलं, गोडं आणि नितळ! गाव नाचलं. सगळे वाजंत्री आणायला धावले.

"धुळा, इथे नीट लक्ष ठेव हं," जाताना ताई म्हणाल्या.

धुळाने नीट लक्ष दिलं. आणि लगेच बाह्या सरसावल्या.

वाजतगाजत गाव परत आलं. सरपंच नारळ घेऊन पुढे झाले. समोर सपाट जमीन. धुळा तिच्यावर उड्या मारत होता.

"बोअर कुठाय रे?" ताईंनी विचारलं.

धुळाने घाम पुसला. "केवढं भोक होतं, ताई! चार गाड्या दगड गेले. बरं झालं वेळेवर दिसलं. आतून पाणीसुद्धा यायला लागलं होतं."