पालकाच्या रसाची हिरवळ

फार पूर्वी, म्हणजे राजेलोक लढायांना कंटाळून गोल्फ खेळू लागले त्या काळी, एक राजा होता. दसऱ्याला तलवारीऐवजी गोल्फची काठी खांद्यावर टाकून सीमोल्लंघन करायचं, शेजारच्या राज्यात एक डाव खेळायचा आणि परत यायचं, अशी तेव्हा रीत होती. रक्त सांडत नसे, भांडणं मात्र तेवढीच होत.

त्या वर्षीचा डाव या राजाच्या मैदानावर होता. त्याने मुख्य माळ्याला बजावलं, "मला सज्जातून हिरवं सोडून दुसरं काही दिसता कामा नये. दिसलं, तर तुझी रवानगी म्हशींच्या गोठ्यात!"

माळ्याला म्हशींची भयंकर भीती वाटे.

श्रावण सरता सरता मैदानाच्या कोपऱ्यात चटईएवढा पिवळा डाग पडला. माळ्याने तिथलं गवत ओढलं, तर झुपकाच्या झुपका हातात आला. मुळंच नव्हती. खाली मातीत पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या वेटोळं करून पडल्या होत्या. हुमणी! मुळं खाणारी कीड. उपायही त्याला ठाऊक होता. तेवढा तुकडा खणायचा, अळ्या वेचायच्या, नवं गवत लावायचं. दसऱ्यापर्यंत ते रुजलंही असतं. पण तोवर उघडी माती दिसणार, आणि सज्जा तर बरोबर समोर.

"अहो, सांगून टाका ना महाराजांना," बायको म्हणाली. "फार तर ओरडतील."

"अगं, म्हशी म्हणजे काय चीज आहे, तुला नाही कळायचं."

"मला? आपल्या म्हशीची धार रोज कोण काढतं?"

माळी उठून बाजारात गेला. त्याने पालक आणला, वाटला, रस काढला आणि डागावर शिंपडला. सज्जातून राजाने खुशीत मान डोलावली.

पण हुमणीला रंगाशी काय घेणं? डाग सतरंजीएवढा झाला, मग अंगणाएवढा. बाजारातला पालक संपला, माळी मेथीवर आला. एवढी पालेभाजी खाऊन माळ्याला जायचंय तरी कुठे, असं लोक विचारू लागले. साळुंक्या आणि बगळे अळ्या टिपायला उतरले, तर बिंग फुटेल म्हणून त्याने ताशे वाजवून त्यांना पळवून लावलं. फुकटात मदत करणारे तेवढेच होते, त्यांनाही घालवलं. आता या माणसाला काय म्हणावं!

दसरा उजाडला. मैदान असं हिरवंगार दिसत होतं की पाहुणा राजा मनातून जळला. आपल्या राजाने ऐटीत काठी फिरवली. चेंडू जागचा हलला नाही. काठी गवतात रुतली आणि पलंगावरची चादर सरकावी तसं गवत सरकलं. राजा आपटला, उतारावरून गडगडला आणि हिरवळीत गुंडाळला गेला. लोकांनी त्याला सोडवलं तेव्हा तो नखशिखांत हिरवा झाला होता आणि मिशीत एक अळी वळवळत होती. पाहुणा राजा हसून हसून खाली बसला, तर तोही घसरत गेला.

"हे तुला कधीपासून माहीत होतं?" राजा माळ्यावर गरजला.

"श्रावणापासून, महाराज. तेव्हा चटईएवढंच होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"गोठ्याची भीती वाटली, महाराज."

राजाला आपलीच धमकी आठवली. गोठ्याचं नाव त्यानेच काढलं होतं.

"गोठा राहू दे," तो शेवटी म्हणाला. "कुदळ घे."

आणि मग अख्खं मैदान खणावं लागलं. माळ्याच्या हातांना फोड आले, कंबर धरली. राजाचा खेळ वर्षभर बंद पडला. सकाळी करायला दुसरं काहीच नसल्यामुळे तो नाइलाजाने दरबारात बसून राज्यकारभार बघू लागला. प्रजेला ते वर्ष इतकं सुखाचं गेलं की पुढच्या श्रावणात लोक माळ्याला गाठून हळूच विचारायचे, "काय हो, यंदा हुमणी पडेल ना?"

तात्पर्य: डाग चटईएवढा असतानाच दाखवून टाकावा, रंगवत बसलं की मैदान खणावं लागतं, आणि ज्याला खरं ऐकायचं असेल, त्याने आधीच गोठा दाखवू नये.